सातभाई : एक नाव, दोन पक्षी

सातभाई ठाऊक नाहीत असे घर आमच्या सातारा-सांगलीकडे शोधूनही सापडावयाचे नाही. दुपारची जेवणे आटोपून घरातील वडीलधारी माणसे घटकाभर लवंडली, की परसातल्या आंब्याखालच्या पाचोळ्यात एकाएकी कलकलाट उठतो. मातीच्या रंगाची सहा-सात पाखरे टुणटुण उड्या मारीत येतात, चोचीने पाने उलथून किडे टिपतात, आणि एकाने ओरडावयास आरंभ केला की बाकीची सारी त्याला साथ देतात. आम्ही चुलतभावंडे एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडू लागलो म्हणजे आमची आजी माजघरातून म्हणत असे, ‘‘काय रे हे सातभाईंसारखे!’’ एकत्र कुटुंबात वाढलेल्या बहुतेक वाचकांनी हे शब्द या ना त्या रूपाने ऐकले असतील.

परंतु अतिपरिचयाचा एक दोष असा, की जी वस्तू रोज समोर असते तिच्याकडे नीट पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखकाची गोष्ट तरी तशीच झाली. ज्याला मी जन्मभर एक पक्षी समजत आलो, ते वस्तुतः दोन पक्षी आहेत. ही गोष्ट मला एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने फार पूर्वी सांगितली होती. मी ती ऐकून घेतली नाही. तो प्रमाद आणि त्यानंतर जमविलेली माहिती, ही दोन्ही वाचकांपुढे ठेवावीत म्हणून हा लेख लिहीत आहे.

मॅट्रिक होऊन मी मास्तरकीत शिरलो. घरी वडिलांजवळ थोडेफार संस्कृत झाले होते, त्यामुळे शाळेत मराठी व संस्कृत हे विषय माझ्याकडे असत. सन १९८९ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मी आठवीच्या वर्गास ‘माझ्या परिचयाचा पक्षी’ असा निबंध घातला. विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून आधी माझ्या वहीतील सातभाईचे वर्णन फळ्यावर लिहून दिले : रंग मातकट, चोच पिवळसर, शेपटी लांब व तपकिरी, आवाज कर्कश, राहणी टोळीची. पन्नास मुलांनी तेच थोड्याफार फरकाने लिहून आणले. माण तालुक्यातून शिक्षणासाठी मामाकडे येऊन राहिलेल्या एका मुलाने मात्र लिहिले होते, की सातभाई उडतो तेव्हा त्याच्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात आणि तो नाकातून रडल्यासारखा ओरडतो.

मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली, एक गुण कापला आणि ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. मुले हसली. तो उभा राहून एवढेच म्हणाला, ‘‘गुरुजी, आमच्याकडं तसाच असतोय.’’ त्यावर मी विचारले, ‘‘तुमच्याकडचा सातभाई काय निराळा असतो होय रे?’’ वर्ग पुन्हा हसला आणि तो खाली बसला. थट्टेने विचारलेल्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते, हे मला कळावयास पुढे तीस वर्षे लागली.

निवृत्त झाल्यावर एकदा दहिवडीजवळ व्याह्यांच्या गावी जाण्याचा योग आला. बरोबर नात होती, तिच्या गळ्यात दुर्बीण होती. मळ्याच्या कडेस बोरी-बाभळींच्या रांगेतून सातभाईंची एक टोळी एकामागून एक उडत पलीकडे चालली होती. नात म्हणाली, ‘‘आजोबा, यांच्या शेपटीला पांढरी किनार आहे.’’ मी दुर्बीण डोळ्यांस लावली. किनार होती. ती पाहताच मला पक्ष्याआधी ती जुनी वही, ती तांबडी रेघ आणि खाली बसलेला तो मुलगा आठवला.

ज्यांनी तर्कशास्त्राची पहिली पोथी वाचली असेल त्यांस लक्षणाचे तीन दोष ठाऊक असतीलच. गाईचे लक्षण ‘कपिल वर्णाची’ असे केले तर पांढरी गाय त्यातून सुटते, ही अव्याप्ति. ‘शिंगे असलेली’ असे केले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ति. आणि ‘अखंड खुराची’ असे केले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. हे तीनही दोष मी मुलांना वर्षानुवर्षे शिकविले, आणि माझे स्वतःचे सातभाईचे लक्षण मात्र दोन दोषांनी ग्रासलेले होते! ‘मातकट रंगाचा, टोळीने राहणारा, कर्कश पक्षी’ एवढे म्हणावे तर त्यात दोन जाती शिरतात. आणि ‘चोच पिवळी, शेपटी तपकिरी’ एवढी भर घालावी तर माणदेशातील निम्मे सातभाई बाहेर राहतात. लक्षण म्हणजे असाधारण धर्म; दुसऱ्या कोणातही नसेल आणि त्या जातीत मात्र सर्वत्र असेल असा. तो शोधण्यासाठी पोथी मिटून परसात जावे लागते.

आता त्या दोन जाती पाहू. सोयीसाठी एकास रान-सातभाई व दुसऱ्यास राखी सातभाई म्हणू. शास्त्रज्ञांच्या भाषेत पहिला ‘आर्गिया स्ट्रायटा’ व दुसरा ‘आर्गिया माल्कमी’. दोघांचे गण एकच, म्हणजे नाते सख्ख्या चुलत्यांचे आहे असे म्हणावयास हरकत नाही. पूर्वी या दोघांस ‘टर्डॉइडीस’ या गणात घालीत असत. २०१८ मध्ये वंशद्रव्याच्या तपासणीवरून त्यांची या निराळ्या गणात व्यवस्था लावण्यात आली.

रान-सातभाई लांबीने सुमारे २५ सेंटीमीटर. राखी सातभाई त्याहून थोडा मोठा, सुमारे २८ सेंटीमीटर, आणि शेपटीनेही अधिक लांब. रान-सातभाईची चोच ठळक पिवळी आणि पायही पिवळट. डोळा पांढरट, त्यामुळे मुद्रा सदा रागावल्यासारखी. राखी सातभाईचा डोळा पिवळा, चोच इतकी उजळ नसते, कपाळावर राखी छटा व तीत बारीक फिक्या रेघा, आणि चोच व डोळा यांच्यामध्ये काळसर डाग. परंतु पाखरू काही आपल्या हातावर येऊन बसत नाही. तेव्हा दुरून ओळखण्याची खूण एकच : ते उडेपर्यंत थांबावे. राखी सातभाईच्या शेपटीची बाहेरची पिसे पांढरट असून उडताना ती पंख्यासारखी पसरतात व किनार स्पष्ट दिसते. रान-सातभाईच्या शेपटीस अशी किनार नाही.

दुसरी खूण कानाची आहे. रान-सातभाईचा आवाज तुटक व खरखरीत. एकाने सुरुवात केली की सारी टोळी चढत्या आवाजात सामील होते आणि त्याचा शेवट किंचाळण्यात होतो. राखी सातभाईचा आवाज लांबट, सानुनासिक आणि रडवा. हट्टी मूल पदर धरून एकच मागणे पुनःपुन्हा मागत राहते तसा. ‘नाकातून रडल्यासारखा’ हे त्या मुलाचे शब्द मी आता अनेक पुस्तकांतील वर्णनांशी ताडून पाहिले आहेत. त्याहून नेमके शब्द मला सुचत नाहीत.

हे दोघे आपल्या जिल्ह्यांत कसे वाटले गेले आहेत हे समजण्यास या मुलुखाची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेस माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो, आणि तोही धड पडेल तर. मधले अंतर जेमतेम शंभर किलोमीटरांचे. सांगलीचेही तेच : पश्चिमेस शिराळ्याकडे चांदोलीचे दाट रान, पूर्वेस आटपाडी-जतचे उघडे माळ. जावळी, पाटण, कोयना, चांदोली या पट्ट्यातील झाडीत, आणि खाली कृष्णाकाठच्या आमराया व बागांत, रान-सातभाई. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या बाजूच्या बोरी-बाभळींत, माळांवर व शेताच्या बांधांवर प्रामुख्याने राखी सातभाई. मधल्या पट्ट्यात दोघेही भेटतात. तेव्हा मी आणि तो मुलगा दोघेही खरे बोलत होतो. भेद एवढाच, की त्याने पाहिलेले लिहिले होते आणि मी एका गावचे सत्य साऱ्या जिल्ह्यावर लादले होते.

या पक्ष्यांच्या नावांचा इतिहासही आमच्याच मुलुखाशी निगडित आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची पीकपाणी, लोकसंख्या इत्यादींची गणना करीत हिंडत होता. हिंडता हिंडता त्याने पक्षी, मासे व इतर प्राणीही टिपले, आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडन येथे प्रसिद्ध केली. तीत त्याने दोन सातभाई निरनिराळे नोंदले. एकास त्याने ‘माल्कमी’ हे नाव दिले. तोच आपला राखी सातभाई. दुसऱ्यास ‘सोमरव्हिली’ म्हटले. हा सह्याद्रीच्या रानातील तपकिरी शेपटीचा सातभाई. पुढील अभ्यासकांनी ‘माल्कमी’ ही जात स्वतंत्र ठेवली, आणि ‘सोमरव्हिली’ ही मात्र, १८२३ मध्येच वर्णिलेल्या रान-सातभाईची घाटातील उपजात ठरविली. भेद दिसला म्हणजे जात निराळीच असे नव्हे, आणि साम्य दिसले म्हणजे जात एकच असेही नव्हे, हा दुहेरी धडा या एका यादीत आहे.

यात मौज अशी, की ‘माल्कमी’ या नावातील मॅल्कम म्हणजे सर जॉन मॅल्कम, १८२७ ते १८३० या काळातील मुंबईचा गव्हर्नर. महाबळेश्वरच्या मॅल्कम पेठेस त्याचेच नाव पडले. ज्याने थंड हवेसाठी घाटमाथ्यावर पेठ वसविली, त्याचे नाव धारण करणारा पक्षी मात्र माणदेशाच्या उन्हात रमतो, आणि महाबळेश्वरच्या रानात वावरतो तो दुसराच!

सारखेपणाचा हा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. दक्षिण अमेरिकेच्या उष्ण अरण्यांत ‘मुंगी-पक्षी’ म्हणून एक मोठे कुल आहे. त्यात दोनशेहून अधिक जाती मोडतात. तेथे लढाऊ मुंग्यांच्या फौजा रानातून निघाल्या की वाटेतले किडे जीव घेऊन पळतात, आणि यांतील काही पक्षी मुंग्यांमागोमाग जाऊन ते पळते किडे टिपतात. त्यावरून हे नाव पडले. आपल्या सातभाईंशी त्यांचे जवळचे नाते नाही, परंतु जमिनीलगतच्या झुडपांत किडे वेचणे हा धंदा पुष्कळसा सारखा. त्यांतील ‘हिपॉक्नेमिस’ गणातील एक पक्षी बरीच वर्षे एकच जात म्हणून पुस्तकांत नांदत होता. २००७ मध्ये तिघा अभ्यासकांनी त्याच्या ठिकठिकाणच्या आवाजांची मुद्रणे ताडून पाहिली, आणि त्या एकाच्या सहा जाती कराव्या लागल्या. नुसत्या डोळ्यांवर विसंबल्याने जे सुटले होते ते कानाने धरून दिले.

परंतु कानावरही आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. त्याच सहांपैकी दोन जाती पेरू देशात एकाच रानात राहतात. एकीचे पोट पांढरट व दुसरीचे पिवळट. रंगाने निराळ्या असूनही हद्द राखण्यासाठी दोघींचे नर जे गाणे म्हणतात ते जवळजवळ सारखे असते, असे २००९ मधील संशोधनात दिसून आले. कारण त्यांना केवळ स्वजातीयांनाच नव्हे, तर शेजारच्या जातीच्या नरांनाही हद्दीबाहेर ठेवावयाचे असते. म्हणजे तेथे गाणे एक आणि रंग दोन. आपल्याकडे रंग जवळजवळ एक आणि आवाज दोन. निसर्गाने भेद कोठे ठेवला आहे हे प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावे लागते. एका जागेची किल्ली दुसऱ्या कुलपास लागत नाही.

भेद सांगितला, आता साम्यही सांगितले पाहिजे, कारण ते गृहस्थाश्रमी वाचकांस अधिक जवळचे वाटेल. दोन्ही जातींचे संसार एकत्र कुटुंबाचे आहेत. ‘सात’ हा आकडा खरा मानू नये. टोळीत चार-पाचांपासून पंधरा-वीसांपर्यंत पाखरे असतात. ‘भाई’ हेही निम्मेच खरे, कारण टोळीत नर व मादी दोन्ही असतात; इंग्रजीत त्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, तेही तितकेच अपुरे. १९७० नंतरच्या दशकात गॅस्टन नावाच्या अभ्यासकाने दिल्लीकडील रान-सातभाईंच्या टोळ्यांवर बारकाईने नजर ठेवली. त्या व तशाच इतर निरीक्षणांवरून दिसते ते असे : प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते आणि शेजारच्या टोळीने ती ओलांडली की गदारोळ होतो. सारी चरत असता एखादे उंचावर बसून पहारा करते. शिक्रा किंवा मांजर दिसले की सारी मिळून त्याच्यावर ओरडत सुटतात. दुपारी एकमेकांस खेटून बसतात व एकमेकांची पिसे साफ करतात. आणि पिले झाली की त्यांना भरविण्याचे काम आई-बाप एकटे करीत नाहीत. टोळीतील इतरही चोचीत किडे घेऊन येतात. ज्या घरात पोराला काकूने न्हाऊ घालावे, आत्याने भरवावे आणि आजोबांनी निजवावे, त्या घरास हा संसार परका वाटावयाचा नाही. दिवसभर ज्यांची तोंडे एकमेकांवर सुटलेली असतात तीच संध्याकाळी एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात, हेही आपण घरोघर पाहतो.

या मोठ्या प्रपंचात एक पाहुणाही वाढतो. कालिदासाच्या मेघदूतात ज्याचे दर्शन होते तो चातक आपल्याकडे मृगाच्या सुमारास येतो. त्यांतील कित्येक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. पर्जन्याची वाट पाहणारा हा विरही पक्षी प्रत्यक्षात मोठा धोरणी आहे. तो स्वतः घरटे बांधीत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालून मोकळी होते. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्यास हाक देणारा पावशाही तेच करतो, आणि दोन्ही जातींच्या सातभाईंवर ही पाळी येते. सातभाईंची अंडी सुंदर निळी असतात आणि चातकाचे अंडेही निळसर असते. बिचाऱ्या सातभाईचे लक्षण ‘निळे ते आपले’ एवढेच असल्यामुळे परक्याचे अंडे त्यात सहज शिरते! अतिव्याप्तीने फसणारा मी एकटाच नव्हतो, एवढे समाधान मी त्यावरून करून घेतो. चातकाचे पिलू सातभाईंच्या पिलांना ढकलून देत नाही, त्यांच्याबरोबर वाढते. आणि सारी टोळी त्या भल्यामोठ्या पोराला आपलेच समजून भरविते.

निवृत्तीनंतर या अभ्यासाच्या निमित्ताने मी पूर्वेकडे बरेच हिंडलो. कृष्णेचे पाणी ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी वर उचलून दुष्काळी तालुक्यांत नेले आहे. ज्या बायकांनी कोसकोस पाणी वाहिले त्यांच्या दारी ते आले, यापरते समाधान नाही. पक्ष्यासाठी माळ कोरडा राहावा असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तथापि पाण्यामागून ऊस व द्राक्षे आली, आणि काही शिवारांत बांधावरच्या बोरी-बाभळी वीतभर जमिनीसाठी निघून गेलेल्या मी पाहिल्या. राखी सातभाईंचे घर ते बांधच. त्यांची वस्ती पुढे काय होते ते पाहावयाचे, तर ‘सातभाई आहेत की आमच्याकडे’ एवढे म्हणून भागणार नाही. कोणते आहेत हे सांगता आले पाहिजे. दोन वस्तूंना एकच नाव असले म्हणजे एक नाहीशी झाली तरी दुसरीच्या कलकलाटात ते कळत नाही. नीट भेद करणे हे पंडिती खूळ नव्हे, ते असे उपयोगाचे काम आहे.

शेवटी त्या विद्यार्थ्याविषयी. चौकशी करून मी त्याच्या गावी गेलो. तो आता पन्नाशीच्या आसपासचा, बागाईतदार, कर्त्या मुलांचा बाप. त्याने वाकून नमस्कार केला, घोंगडे अंथरले, चहा सांगितला. मी आढेवेढे न घेता निबंधाची गोष्ट काढली व म्हणालो, ‘‘अरे, तुझे खरे होते. माझे चुकले.’’ तो विसरला असेल असे मला वाटत होते. तो विसरला नव्हता. जरा वेळ जमिनीकडे पाहून तो हसत म्हणाला, ‘‘गुरुजी, त्या दिसापास्नं म्या पेपरात डोळ्यानं बघितल्यालं कधी ल्हिलं न्हाई. पुस्तकातलंच ल्हिलं. म्हणून तर पास झालो.’’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. एक गुण कापला होता तो मला आठवत होता. त्याबरोबर आणखी काय कापले गेले याची मला तोवर कल्पना नव्हती. घराकडे परतताना बांधावरून सातभाई उडाले. तो थांबला आणि बोट करून म्हणाला, ‘‘बघा गुरुजी, किनार.’’ यावेळी मी पाहिली.

वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या परसातील सातभाई कोणते, हे येत्या रविवारी मुलानातवंडांस बरोबर घेऊन पाहावे. ते उडेपर्यंत थांबावे, शेपटी पाहावी, आवाज ऐकावा आणि तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे. आणि एखादे मूल आपल्या माहितीहून काही निराळे सांगू लागले, तर तांबडी पेन्सिल हाती घेण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा परसात जाऊन यावे.